बांधावर टाकलेली पिवळी रोपं

शेतीतलं मला काही कळत नाही, आकडेवारीतलं कळतं, असं मी त्या काळात ऐटीत सांगत असे. कोल्हापुरात पीएचडी करत होते. विषय होता भाताच्या गुणसूत्रांचा नकाशा. दोन जातींचा संकर करायचा, नातवंडांच्या पिढीतल्या प्रत्येक रोपाच्या पानातला डीएनए तपासायचा आणि त्यातल्या कोणत्या खुणा जोडीनं येतात ते मोजायचं. बहुतेक वेळा जोडीनं येणाऱ्या खुणा गुणसूत्रावर शेजारी असतात. नकाशा म्हणजे एवढंच.

या सगळ्याच्या मुळाशी एक ठरलेली वाटणी असते. चार रोपांत एक आईच्या वळणावर, एक बापाच्या, दोन मिश्र. माझ्या एका गुणसूत्राच्या टोकाला ही वाटणी साफ बिघडली होती. बापाच्या वळणाची रोपं जवळजवळ नव्हतीच. सर म्हणाले, वाटणीच्या कसोटीत नापास झालेल्या खुणा काढून टाक, सगळे तेच करतात. काढल्या तर नकाशाचं एक टोकच नाहीसं व्हायचं. ठेवल्या तर नेहमीचं सूत्र भलत्याच खुणांना शेजारी ठरवायचं. प्रबंध तिथं अडला. नाचता येत नव्हतं, म्हणून मी अंगण बघायला गेले.

आमच्या प्रयोगाच्या शेतावर पेठ वडगावचे एक मुसलमान गृहस्थ रोजंदारीवर यायचे. साठीच्या आसपासचे. त्यांच्याइतकी सरळ भातलावण दुसऱ्या कुणाची नसे. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. लावताना एखादं रोप टाकून दिलं होतं का, असं मी त्यांना विचारलं.

"टाकलं की," ते म्हणाले. "पिवळी काडी कोन लावतंय म्याडम? धा-बारा असतील. बांधावर टाकली."

मला आनंद झाला, हे कबूल केलं पाहिजे. त्याच दिवशी मी शेत कार्यालयाला लिहून दिलं की कामगारानं निवडून लावण केल्यामुळे प्रयोग बिघडला. दोष माझ्या अंगावर येऊ नये, एवढीच माझी इच्छा होती. पुढच्या हंगामाला चाचांना कामावर बोलावलं नाही. मीही चौकशी केली नाही.

पुढं वर्षभर मी वेगळी पद्धत बसवत होते. वाटणी बिघडलेली आहे हे आधीच मान्य करायचं, कुठल्या वळणाचं रोप टिकण्याची शक्यता किती हे अज्ञात धरायचं आणि खुणांमधल्या अंतराबरोबरच तेही काढायचं. नकाशा जुळला. बिघाड कुठं सर्वांत जास्त आहे, ते ठिकाणही मिळालं. तो कशामुळे झाला, हे मात्र गणित सांगत नव्हतं. परीक्षक ते विचारणार, म्हणून त्याच संकराचं उरलेलं बी मी ट्रेमध्ये रुजत घातलं, ते जवळजवळ सगळं उगवलं, आणि एकही रोप न टाकता, पिवळ्यांसकट सगळी तपासली.

वाटणी तशीच बिघडलेली निघाली. पिवळ्या रोपांतही तीच वाटणी होती, पिवळेपणाचा बापाच्या वळणाशी संबंध नव्हता. म्हणजे बापाकडचा वाटा बी तयार होण्याआधीच गळत होता, बहुधा परागातच. आणि खरं सांगायचं तर ट्रेची गरजच नव्हती. चाचांनी टाकलेली रोपं दहा-बारा, माझी बेपत्ता रोपं त्याच्या कितीतरी पट. ही वजाबाकी शाळेतल्या पोराला जमली असती. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती आणि फाशीचा कागद माझ्या अक्षरातला होता. मला स्वतःची लाज वाटली.

बाजाराच्या दिवशी पेठ वडगावला गेले. चाचा कुणाच्या तरी मिरचीच्या गाळ्यावर पोत्यांची तोंडं शिवत बसले होते. मी परागापासून सुरुवात करून सगळं सांगितलं. त्यांचा हात थांबला नाही.

"म्हंजी बियातच खोट हुती."

"हो. तुमची काही चूक नव्हती, चाचा."

"व्हय. पर तक्रार कागदावर आन् माफी तोंडी?"

मी म्हणाले, लेखी देते, आजच देते.

"द्या की. पर नाव घालून लिवा. त्या कागदात नुसतं कामगार म्हनून हुतं, तरी समद्यांनी मलाच वळखलं. ह्यात नाव नसलं तर कुनी वळखायचं न्हाई."

मी पिशवीतून वही काढली, मांडीवर ठेवली, पेनाचं टोपण काढलं. तीन हंगाम आम्ही एका शेतात काम केलं होतं. त्यांनी लावलेल्या प्रत्येक रोपाचा नंबर माझ्याकडे होता. कार्यालयाचा पत्ता लिहिला, विषय लिहिला, आणि मग मला मान वर करून त्यांना विचारावं लागलं की तुमचं नाव काय.