काकांचे काउबॉय

माझे काका शाळेत इतिहास शिकवायचे. सनावळीत एका वर्षाची चूक झाली, तरी पोराची खैर नसे. असा माणूस निवृत्त झाल्यावर दर रविवारी दुपारी जुने काउबॉयचे सिनेमे बघत बसायचा, हे मला काही केल्या पटत नसे. बरं, गप्प बसून बघतील तर ते काका कसले.

"ही बंदूक तेव्हा निघालीच नव्हती."

"तिथले मूळ रहिवासी असे नव्हतेच. धादांत खोटं दाखवलंय."

शेजारी काकू स्वेटर विणता विणता म्हणायची, "अहो, घोडा तरी खरा आहे ना? मग बघा की."

शेवटी नायक घोड्यावर बसून निघाला, की काका मात्र चिडीचूप.

एकदा वैतागून मी त्याच काळावरचा माहितीपट लावून दिला. अभ्यासकांनी तपासलेला, बंदुकीपासून बटणापर्यंत सगळं अचूक. थोड्याच वेळात काका खुर्चीत घोरायला लागले.

ते जागे झाल्यावर मी विचारलं, "आवडला नाही का?"

"उत्तम होता," काका चष्मा पुसत म्हणाले. "पण त्यात एकही चूक नाही. मग मी जागा राहून करू काय?"