चारशे चौरस फुटांचे मालक

साक्षात परमेश्वर जरी आमच्या घरमालकांच्या दारात येऊन उभा राहिला असता, तरी त्यांनी त्याला उंबऱ्याबाहेर थांबवून विचारलं असतं, "या, पण तुम्हाला ठेवायचं कुठं?" यात देवाचा अपमान करायचा त्यांचा मुळीच हेतू नसता. नवीन बादली, पाहुणा, कॅलेंडर आणि भाडेकरू या सगळ्यांना ते हाच प्रश्न विचारत. मी लातूरहून नोकरीसाठी चेन्नईला आलेला, गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग तपासणारा इंजिनियर. वेस्ट मांबलममधल्या त्यांच्या तळमजल्यावरच्या घरातली आतली खोली भाड्याने मागायला गेलो, तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. माझ्या बॅगेकडे बोट दाखवून म्हणाले, "हिच्यांत काय काय अहे? मोजून सांग." मी उंबऱ्यावर उकिडवा बसून माझ्या बनियनांची संख्या सांगितली. त्यांना ती जास्त वाटली.

त्यांची मराठी तंजावरची. पिढ्यान् पिढ्या तिकडे राहिलेल्या माणसांची, 'आहे'ला 'अहे' आणि 'करतोयस'ला 'करूलालास' म्हणणारी, तमिळ हेलात झुलणारी. पहिले पंधरा दिवस मला ते रागावून गाणं म्हणतायत असं वाटायचं. ते ब्रह्मचारी होते, साठी ओलांडलेले, आणि जन्मभर जॉर्ज टाउनमधल्या एका कागदाच्या व्यापाऱ्याचं गोदाम सांभाळून निवृत्त झाले होते. तिथल्या बोळात गोदाम म्हणजे काय, तर आगगाडीचा डबा उभा करून ठेवावा तसली चिंचोळी, उंच जागा. तिथे त्यांनी रिमांवर रिमं अशी रचली होती म्हणे, की डोळ्यांवर पट्टी बांधूनही पिवळा जाड कागद हाताला लागावा. निवृत्त झाल्यावर त्यांनी गोदाम सोडलं, पण गोदामाने त्यांना सोडलं नाही. त्यांच्या चारशे चौरस फुटांतल्या प्रत्येक फळीवर, प्रत्येक वस्तूखाली, त्या वस्तूच्या बुडाचा आकार पेन्सिलीने काढलेला होता. पेल्याखाली वर्तुळ, कॉफीच्या फिल्टरखाली जरा मोठं वर्तुळ, किसणीखाली लांबट चौकोन, खलबत्त्याखाली असा आकार की बघणाऱ्याला तो लंका बेटाचा नकाशा वाटावा. वस्तू उचलली की खाली तिची रिकामी जागा तुमच्याकडे डोळे वटारून बघत असे. मी एकदा चहासाठी एक मग विकत आणला. त्याला वर्तुळ नव्हतं. तो बिचारा तीन दिवस स्वयंपाकघरात जमिनीवर बसून राहिला, आणि मालक त्याला वळसा घालून जात राहिले. चौथ्या दिवशी त्यांनी आंघोळ केली, पेन्सिलीला टोक काढलं, दोन वाट्या एकेक बोट सरकवल्या आणि मगाला फळीवर घेतलं. त्या दिवशी आमच्याकडे पायसम झालं.

घरात एक वस्तू आली की एक गेली पाहिजे, हा दुसरा कायदा. मी नवा शर्ट आणला की जुना त्याच संध्याकाळी इस्त्रीवाल्याच्या मुलासाठी घडी होऊन तयार. दिवाळीत आईने लाडवांचा भलामोठा डबा पाठवला, तेव्हा मला वाटलं, आता जायची पाळी माझीच. मालकांनी डब्याकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं, बराच वेळ हिशेब केला, आणि जमिनीवर मांडी घालून एका बैठकीत सात लाडू खाल्ले. "आतां मावेल," म्हणाले, आणि राहिलेले लाडू लहान डब्यात भरून मोठा डबा शेजारी देऊन टाकला. दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून, त्रिकोणी घड्या करून त्या बोटभर उंचीच्या गठ्ठ्यात बसवायच्या. घरात खुर्च्या दोनच, त्यामुळे पाहुणे एका वेळी दोनच. तिसरा आला तर त्याला अत्यंत प्रेमाने दारातच कॉफी मिळे. बाई नसलेल्या घरापुढेही सकाळी कोलम हवाच म्हणून ते स्वतः रांगोळी काढत, पण ठिपके फूटपट्टीने मोजून. समोरची मामी हसायची, तर म्हणायचे, "हसूं दे. तिचं कमळ डावीकडे कललंय."

मात्र ज्या माणसाला एवढ्या व्यवस्थेचं वेड असतं, त्याच्या डोक्यावर नेमकं कुणीतरी राहत असतं. आमच्या बरोबर वरच्या घरात टीचर राहत. त्याही तंजावरच्याच मराठी, पंधरा वर्षांपूर्वी यजमान गेलेले, मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. सगळी इमारत त्यांना टीचरच म्हणे. घर आमच्याच मापाचं, भिंतीला भिंत. पण आत पाऊल ठेवलं की वाटे, कुणीतरी शाळा, वाणी आणि लग्नघर एकत्र करून चांगलं ढवळलंय. मुलींच्या जुन्या वह्यांचे मनोरे, त्यांवर इस्त्रीचे कपडे, त्यांवर चिंचेची बरणी, तिच्या झाकणावर चष्मा. टीचरकडे बसायचं असेल तर आधी खुर्ची शोधावी लागे, आणि खुर्ची सापडली की तिच्यावर झोपलेलं मांजर सापडे. चुकून आपल्या पेटीत पडलेलं टीचरचं पत्र द्यायला मालक एकदाच वर गेले होते. खाली आले ते घाम पुसत. "तितं भूगोल अहे," एवढंच म्हणाले, "घर नाहीं." टीचरही कमी नव्हत्या. जिन्यात भेटल्या की विचारत, "काय, म्युझियम उघडं अहे का आज? तिकीट किती?" मालक मान फिरवून निघून जात, पण टीचर दिसल्या नाहीत तर जिन्यातला दिवा चालतो का, हे बघायला दोनदा बाहेर येत. हे माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला. मी सुटे भाग तपासणारा माणूस. सगळी यंत्रं अशी बघत नाही.

मग तो नोव्हेंबर आला. समुद्रात वादळ होतं आणि दोन दिवस आभाळ थांबायचं नाव घेत नव्हतं. कंपनीची बस आली नव्हती, म्हणून मी घरीच होतो. दुपारी जेवण आटोपतंय तोच न्हाणीघराच्या मोरीतून पाणी उलटं वर यायला लागलं. मी ओरडलो. मालक शांतपणे उठले आणि त्यांनी कपाटाच्या दाराच्या आतून एक यादी काढली. अशा प्रसंगी काय, कुठल्या क्रमाने, कुठे उचलून ठेवायचं, याची क्रमवार यादी! पहिल्या नंबरावर देव होते. देव माळ्यावर गेले. दुसऱ्यावर घराचे कागद. तिसऱ्यावर गादी. चौथ्या नंबरापुढे खूण करायला ते पेन्सिल शोधत होते, आणि पेन्सिल खालच्या फळीवरच्या तिच्या जागेवरून तरंगत निघून गेली होती. तेवढ्यात पाणी घोट्यावरून गुडघ्याला आलं. "पेन्सिल," ते म्हणत राहिले, "पेन्सिल हितं असते." मी त्यांना दंडाला धरून बाहेर ओढलं. जिन्यात टीचर पदर खोचून उभ्या होत्या. "या दोघंही वर," त्या म्हणाल्या, "आणि काय उचलतां येईल तें उचला. जागेचं मी बघत्यें."

जागा! त्या घरात जागा! पण झाली. आमची गादी वह्यांवर, आमचे डबे त्यांच्या डब्यांवर, आमचा फिल्टर मांजराशेजारी. मालक खिडकीपाशी उभे राहून खालचा रस्ता बघत होते. तिथे स्कूटरींचे फक्त आरसे दिसत होते. वीज गेली. टीचरनी एका ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि काडेपेटी काढली. दुसऱ्या ढिगातून मेणबत्ती. तिसऱ्यातून, न बघता, बिस्किटं. मालक ते सगळं असं पाहत होते, की जणू कुणी टोपीतून ससे काढतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र गंमत संपली. मालक उठून उभे राहिले आणि भिंतीला धरून खाली बसले. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या खाली राहिल्या होत्या, कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, 'रोजचें औषध' अशी चिठ्ठी लावलेल्या डब्यात, छातीभर पाण्याखाली. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. मी फोन लावत होतो, तो लागत नव्हता. रस्त्यावरून होडीच काय ती गेली असती. "कुठली गोळी?" टीचरनी विचारलं. त्यांनी नाव सांगितलं, ताकद सांगितली. "तीच माझी," त्या म्हणाल्या, आणि पुस्तकांच्या एका ढिगातून मधलंच एक लठ्ठ पुस्तक ओढून त्याच्या पानांतून गोळ्यांची पट्टी काढली. ढीग कोसळला. कुणी लक्ष दिलं नाही. मालकांनी गोळी घेतली आणि टीचर त्यांच्यापाशी जमिनीवर, पडलेल्या पुस्तकांत, बसून राहिल्या. दुपारपर्यंत मालकांच्या चेहऱ्यावर रंग आला.

"तुम्हाला सगळं सापडतं कसं?" त्यांनी खोल गेलेल्या आवाजात विचारलं.

"ठेवलं होतं तें आठवतं. तुम्हाला पेन्सिल लागते."

पाणी उतरायला आणखी दोन दिवस लागले. खाली गेलो तर भिंतींवर छातीएवढी काळी रेघ, फरशीवर चिखल. आम्ही आठवडाभर घासत होतो. फळ्यांवरची सगळी वर्तुळं पुसली गेली होती. मी नवी पेन्सिल आणून दिली. मालकांनी तिला टोक काढलं, एक पेला फळीवर ठेवला, त्याच्याभोवती अर्धी रेघ ओढली आणि थांबले. मग पेन्सिल खिशात घालून वर गेले. मी बादली घेऊन जिन्यातच होतो, त्यामुळे पुढचं ऐकणं मला टाळता आलं नाही, टाळायचंही नव्हतं.

"दोन घरें कशाला?" मालक दारातून म्हणाले. "दोघांना एक पुरतं."

वर एक ढीग सरकवल्याचा आवाज झाला. मग टीचर म्हणाल्या, "म्युझियमांत मी यायची नाहीं. तितं माझ्या चपलेला जागा होईल, चष्म्याला होईल. मला होणार नाहीं."

"तुम्ही कशाला? मी येतों वर."

"सामान किती?"

पुराच्या पाण्यातही न मावळलेला तो गोदामवाला आत हिशेब करत असणार. मी श्वास रोखून बादली धरली होती.

"एक बॅग," ते म्हणाले. "आणि फिल्टर."

"फिल्टर वरच अहे," टीचर म्हणाल्या. "परत कधी नेलांत?"

रजिस्ट्रारच्या कचेरीत साक्षीदार म्हणून मी सही केली. मालकांच्या धाकट्या बहिणीने फोनवर महिनाभर अबोला धरला आणि मग लोणचं पाठवलं. पहिल्या आठवड्यात मालकांनी वर एक फळी लावून पाहिली. टीचरनी तिच्यावर मांजर ठेवलं. त्यानंतर मालकांनी नाद सोडला. कधी रविवारी खाली येत, 'घर बघायला' म्हणून. नीटनेटक्या खुर्चीत दहा मिनिटं बसत, इकडे तिकडे बघत. मग "काय करूलालास एकटा हितं? चल वर," असं म्हणून मलाच घेऊन जात.

गेल्या वर्षी माझी बदली चाकणला झाली. चार वर्षांचं माझं सामान अर्ध्या तासात बॅगेत गेलं, आणि मागे वळून पाहिलं तर खोलीत मी कधी राहिलो होतो, असं सांगणारं काहीच नव्हतं. किल्ली द्यायला वर गेलो. निघताना आठवलं, पुराच्या वेळी माझा एक टॉवेल वर राहिला होता. दोघांनी मिळून तो शोधायला घेतला. अर्धा तास वह्या इकडच्या तिकडे झाल्या, भांडणं झाली, टीचरना एक हरवलेलं कानातलं सापडलं, मालकांना कुणाचं तरी लग्नपत्र सापडलं, आणि ते वाचत दोघंही मला विसरून गेली. टॉवेल काही मिळाला नाही. रिक्षावाला खाली हॉर्न वाजवायला लागला, तेव्हा मालक मला सोडायला जिन्यापर्यंत आले.

"असूं दे," म्हणाले. "घरांतच अहे कुठंतरी. घ्यायला ये."

मी अजून गेलेलो नाही. मध्ये एकदा फोन केला आणि सहज विचारलं, तर म्हणाले, सापडला नाही. ते खोटं बोलत असावेत असं मला वाटतं. बरं वाटतं.