जिनाची भिंत बाहेर कशी पडली

"आधी तापवून पाहा, मंग बोला!" खामगावातले आमचे लोहारचाचा कोणत्याही वादात हेच म्हणत आणि हातातली सांडशी समोरच्याच्या नाकापुढे धरत. एकदा मी नव्या हेडमास्तरांची तक्रार करत होतो, तेव्हाही हेच म्हणाले. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्याशी वाद घालून हरण्यातच गोडी असते.

मी तेव्हा शाळेत विज्ञान शिकवत होतो. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. होळीच्या आसपास एका जिनाला, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याला, आग लागली. माणसं वाचली, पण छप्पर बसलं आणि रस्त्याकडची भिंत आडवी झाली. मॅनेजरने खापर फोडलं ते भिंत बांधणाऱ्या नारायण गवंड्यावर. म्हणे चुना कच्चा, म्हणून भिंत गेली आणि मागोमाग छप्पर. नारायणला गावात कोणी काम देईना.

हॉटेलात मात्र चर्चा वेगळीच. राखेत धातूचा एक गोळा सापडला होता. "लोखंडाचं पाणी झालं!" जो तो सांगे. मीही पुस्तकी थाटात सांगत होतो की छपराखालचा लोखंडी गर्डरच वितळला, मग इमारत राहणार कशी?

हे कानावर जाताच चाचांनी मला बोलावून घेतलं आणि भाता ओढायला बसवलं. गोळ्याचा तुकडा अन् एक खिळा लोखंडी पळीत टाकून पळी भट्टीवर धरली. बघता बघता तुकड्याचं पाणी झालं. खिळा त्यावर मजेत तरंगत होता.

"हे मशीनच्या बेअरिंगातलं शिसं हाय, मास्तर. लोखंड असतं तं खिळा काऊन नाही वितळला?"

मी ओशाळलो. पण खोड जाते थोडीच! "मग भिंत पडली कशी?"

"चला, पाहू."

भिंत सबंध बाहेर, रस्त्यावर पडली होती. चाचांनी दोन विटांच्या सांध्यावर घण घातला. वीट फुटली, चुना सुटला नाही. "छपरानं ओढली असती तं भिंत आत पडती. हिले आतून ढकललं कोणीतरी."

गर्डर पार वाकला होता, पण वितळल्याची खूण कुठेच नव्हती. चाचा त्याच्या टोकाशी उकिडवे बसले.

"मास्तर, बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव मी चाकापरीस लहान करतो. मंग चढते कशी?"

"तापली की वाढते," मी म्हणालो आणि थबकलो. एवढा लांब गर्डर आगीत चार बोटं तरी वाढला असेल! आधी त्याने भिंत ढकलली, मग स्वतः मऊ होऊन वाकला. मला इतका आनंद झाला की मी टाळीच वाजवली.

चाचा हसले नाहीत. "गर्डर म्याच बसवला व्हता. दोन्हीकून घट्ट ठोकून. वाढाले जागाच नाही सोडली."

त्यानंतर मी जे बोललो त्याची मला आजही लाज वाटते. "चाचा, हे आपल्यातच राहू द्या."

"काऊन? जलमभर धावा चढवून राह्यलो. मले मालूम नव्हतं काय?"

त्याच दुपारी त्यांनी सगळ्या कामगारांदेखत मॅनेजरला सांगितलं. पडलेली भिंत नारायणनेच पुन्हा बांधली. चाचांना मात्र जिनांची कामं मिळेनाशी झाली, आणि वर्षभरात ते जळगाव जामोदला लेकीकडे निघाले.

ऐरण एसटीच्या टपावर चढवायची होती. नारायणने कोणाला हात लावू दिला नाही. खांद्यावर घेऊन एकटा शिडी चढला आणि दोर बांधता बांधता हुंदके देऊन रडू लागला.

"रडून काऊन राह्यला बे? नीट बांध," चाचा खालून ओरडले. "कोणाच्या डोक्यात पडली तं पुन्हा माह्यंच नाव!"

सगळे हसले. एसटी हलली. चाचांनी खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी विचारीन अशी त्यांना खात्री असावी. मी नुसते हात जोडले.