मोल रॅटचं विरजण

“फ्रीजमधलं आंबट दही ओतून टाकलं हं, वाटी घासून ठेवलीय,” स्वयंपाकघरातून मोठ्या काकूचा आवाज आला. आत्या जाऊन चौथा दिवस होता. घरात स्वयंपाक बंद, शेजाऱ्यांकडून डबे येत होते, आणि काकू तिच्या परीनं आवराआवर करत होती. मी हॉलमध्ये बसले होते. ते दही नव्हतं, विरजण होतं... आत्यानं वीस वर्षं मोडू न दिलेलं.

आत्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. निवृत्तीनंतर नजर अधू झाली, तेव्हा मी गंगापूर रोडला तिच्याकडे राहायला आले. इंग्रजी लेख वाचायचे आणि तिला मराठीत सांगायचे, हे माझं काम. चारचौघांत न फुटणारा माझा आवाज तिच्यासमोर मोकळा व्हायचा. तिचं वेड एकच, नेकेड मोल रॅट. आफ्रिकेत जमिनीखाली राहणारा, बिनकेसांचा, सुरकुतलेला, दोन दात पुढे आलेला प्राणी. साधा उंदीर तीन वर्षांत म्हातारा होतो. हा तीस वर्षं जगतो, आणि कॅन्सर त्याला क्वचितच होतो. त्याच्या आतड्यातल्या जिवाणूंवर काही सापडलं की आत्या खुर्चीत पुढे सरकायची. “थांब, थांब... ते पुन्हा वाच!” पिल्लं मोठ्यांकडे लेंड्या मागून त्या खातात आणि कंद पचवणारे जिवाणू त्यातून त्यांच्या पोटात जातात, हे वाचलं तेव्हा तिनं टाळीच वाजवली. “अगं, हे तर विरजणच!” नेमक्या तेव्हाच खालच्या मजल्यावरच्या पवारकाकू वाटी घेऊन दारात उभ्या. मूळच्या देवळा गावच्या, बोलायला फटकळ. “मॅडम, लेंड्या आन् विरजण एका दमात? आता मी दही कसं खाऊ वो?” आत्या हसून हसून बेजार. तरी पवारकाकू विरजण घेऊनच गेल्या. त्या गेल्यावर मी म्हटलं, “म्हणजे ते इतकं जगतात ते या जिवाणूंमुळेच!” “घाई नको,” आत्या म्हणाली. “तसं अजून सिद्ध कुठं झालंय? शोधतायत लोक... तीच तर मजा!”

हे सगळं आठवत बसले होते आणि एकदम लख्ख दिसलं. म्हातारा मोल रॅट मेला, तरी त्याचे जिवाणू बिळातल्या बाकीच्यांच्या पोटात असतातच की! मी उठले, घासलेली वाटी उचलली आणि जिना उतरले. इथल्या तीन वर्षांत पवारकाकूंकडे बघून मान हलवण्यापलीकडे मी गेले नव्हते. बेल वाजवली, दार उघडलं, आणि त्यांनी काही विचारायच्या आतच मी म्हणाले,

“काकू, आत्याचं विरजण तुमच्याकडे अजून जिवंत आहे का?”