स्वागताचा कोला

१४ नोव्हेंबर २०१६, सोमवार. आकाश धुळकट. ओक्वुडिली पहिला आला. पकड बावन्न किलो. दोन दिवसांत वर्ज्य काही खाल्लं-प्यायलं का, विचारलं. नाही म्हणाला. खोटं.

डायरीतला हा शेवटचा शब्द उझोआमाकाने प्रयोगशाळेच्या नोंदवहीतही लिहिला.

कॅफीनने हाताची ताकद वाढते का, हे डॉक्टर ओबुम्नेमे नायजेरियातल्या एनुगूच्या बाजारातल्या चाळीस हमालांवर दोन वर्षं तपासत होते. कधी कॅफीनची कॅप्सूल, कधी पिठाची. अट एकच: आधीचे दोन दिवस चहा-कॉफी बंद आणि चघळतात ती कोलाची कडू बीसुद्धा, कारण तिच्यातही कॅफीन असतंच. पकडीचं यंत्र हमालाच्या हातात देऊन आकडा लिहायचा, हे उझोआमाकाचं काम. महिनाअखेरीस अहवाल गेला की तिला आणखी तीन वर्षं ठेवायचं ठरलं होतं.

त्या हमालांतला ओक्वुडिली तिच्या दिवंगत नवऱ्याचा चुलतभाऊ. रविवारी भावकीच्या बैठकीत त्याने कोला तोंडात टाकलेला तिने पाहिला होता.

"काल कोला खाल्लात की," ती म्हणाली.

"आमच्या घराण्याच्या सूनबाई, बाईमाणसाने कोलाची चौकशी करू नये."

"खाल्लात की नाही?"

"कोला काय यामच्या कंदाची फोड आहे, खायला? यजमानाने स्वागत केलं, मी घेतला. नसता घेतला तर 'यात विष आहे' असं त्याच्या तोंडावर म्हटल्यासारखं झालं असतं. आणि तू मला खोटारडा लिहितेस? हेच शिकवलं तुला शाळेतल्या नन्सनी?"

तो खोटं बोलत नव्हता; त्याच्या लेखी कोला खायचा नसतो, घ्यायचा असतो. तिने तो शब्द खोडला. नेहमीचा प्रश्न सोडून तिने पुढच्या हमालाला विचारलं, "परवापासून कुणाकडे गेला होतास?"

"तीन घरी."

"कोला?"

"मग काय, माझं नुसतं तोंड बघून स्वागत करतील?"

दुपारपर्यंत सतरा जण झाले. सोळा जणांनी घेतला होता. सतरावा दाढदुखीमुळे बचावला होता.

डॉक्टरांनी नोंदवही वाचली. "दोन वर्षं गप्प होतात. आजच बरं सुचलं?"

"'काही खाल्लं-प्यायलं का' हा प्रश्न तुमचा होता. मी तोच विचारत आले. चूक दोघांची आहे, आणि दोन वर्षांचे आकडे वाया गेले आहेत."

"हे पान फाडा. अहवाल वेळेवर पाठवू, तुमची तीन वर्षंही पक्की."

"तुम्ही फाडा. आणि फाडल्याची सही करा."

त्यांनी पानाला हात लावला नाही. "किल्ली ठेवा आणि उद्यापासून येऊ नका."

"पान राहील ना?"

"राहील. तुम्ही नाही."

तिने किल्ली काढून टेबलावर ठेवली. ओक्वुडिली अजून व्हरांड्यातच होता. "झालं समाधान?" तो म्हणाला. "पुढच्या बैठकीला भांडी घासायला तेवढी ये. पुरुषांच्या तोंडात डोकवायला नको."

ती पायऱ्या उतरली.

संध्याकाळी तिने डायरीत सोळाचा आकडा लिहिला, आणि खाली: उद्या घरीच आहे. मोठ्या चादरी भिजत घातल्या.