चार नंबरचा शिक्का

केसपेपर लिहिणाऱ्या मावशींना अख्खं हॉस्पिटल 'फौजदार' म्हणायचं आणि त्यांना ते मनातून आवडायचं. सव्वीस वर्षं एकाच खुर्चीत काढलेल्या बाईनं थोडा तोरा मिरवला तर कुणाचं काय गेलं? कुणी बाई तपासणीला आली, की मावशी तिच्या सोबतच्या माणसाला चार नंबरच्या खिडकीवर पिटाळायच्या. "शिक्का मारून आणा." त्या शिक्क्याला काडीचा अर्थ नव्हता. खिडकीतला कारकून मावशींना सामील. तो शाई शोधण्यातच दहा मिनिटं घालवायचा.

नव्या डॉक्टरांना हे पटत नव्हतं. "मावशी, लोकांना उगाच कशाला हेलपाटे?"

त्याच आठवड्यात एक शिंपीणबाई सासूबरोबर आली. पोटदुखीसाठी सोनोग्राफी केली, तर यकृतात साडेचार सेंटिमीटरची गाठ निघाली. डॉक्टरांनी विचारलं होतं, कसली औषधं चालू आहेत? दोघींनी एका सुरात सांगितलं, कसलीच नाहीत. आता ऑपरेशनसाठी भरती व्हायचा कागद घेऊन दोघी मावशींपुढे बसल्या.

सासू शिक्क्याला गेली. मावशींनी पेन खाली ठेवलं.

"औषधाचं राहू दे. रोज न चुकता तोंडात काय टाकतेस?"

शिंपीण दाराकडे बघत राहिली. "ती पाळणा लांबवायची गोळी. पण ते काय औषध आहे का, मावशी? मी आजारी थोडीच होते."

"किती वर्षं?"

"अकरा. सुयांच्या डब्यात ठेवते. घरी कळलं तर माझी धडगत नाही."

मावशींनीही एके काळी गोळ्या अशाच लपवल्या होत्या, पिठाच्या डब्यात. "डॉक्टरांना सांगायलाच हवं. पण घरात कुणाला कळणार नाही, हा माझा शब्द."

शिंपिणीनं मान डोलावली. डॉक्टरांनी ऐकलं आणि एमआरआय करायला लावला. गाठ कर्करोगाची नव्हती. अशा गोळ्यांनी क्वचित होते, त्यातली होती. ऑपरेशन थांबलं, गोळी बंद झाली, गुपचूप तांबी बसली. सहा महिन्यांनी गाठ दोन सेंटिमीटरवर आली.

"तो शिक्का फार गुणाचा निघाला हो," सासू म्हणाली. मावशींनी हसू कसंबसं गिळलं.

दोघी गेल्या. पुढे एक नवराबायको बसले. मावशी तोंड उघडणार, तेवढ्यात डॉक्टर केबिनच्या दारात आले आणि नवऱ्याला म्हणाले, "तुम्ही जरा चार नंबरवरून शिक्का मारून आणा."

मावशींनी खाली बघत केसपेपर पुढे ओढला. अभिमानानं डोळे भरून आले होते, आणि फौजदाराला ते कुणाला दाखवायचं नव्हतं.