वाचला असं समजू

“वाचला असं समजू,” अध्यक्ष माइकवर म्हणाले, आणि माझी सून अर्ध्या वाटेत थांबली.

तिचं नाव पुकारलं होतं. ती मागच्या खुर्चीवरून उठली, पदर सारखा केला, कागद छातीशी धरले आणि खुर्च्यांच्या मधून चालायला लागली. व्यासपीठाच्या पायऱ्या समोरच होत्या. तेवढ्यात कुणीतरी अध्यक्षांच्या कानाला लागलं. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि सांगितलं की वेळ उरला नाही, तेव्हा हा निबंध आणि पुढचे सगळे निबंध वाचले असं समजू, बाहेर भरीत थंड होतंय, मंडळींनी जेवायला चलावं. लोक हसले. खुर्च्या सरकल्या. माझी सून तिथंच उभी राहिली आणि लोक तिला वळसा घालून जेवायला निघाले, रस्त्यात बसलेल्या म्हशीला घालतात तसा.

मी मागच्या दाराजवळ नातीला मांडीवर घेऊन बसले होते. नात अजून आईच्या अंगावर पीत होती, म्हणून मला धुळ्याहून यावं लागलं होतं. नाहीतर भाषा शिकवणाऱ्यांच्या अधिवेशनात माझं काय काम? मी चौथी शिकलेली.

अधिवेशन जळगावच्या एका कॉलेजात होतं. १९९० च्या अलीकडची-पलीकडची गोष्ट, थंडीचे दिवस. आदल्या संध्याकाळी एस.टी.नं आलो आणि पिंप्राळ्याला माझ्या मावसबहिणीकडे उतरलो. सून रात्रीच्या जेवणाआधी निबंध एकदा वाचून बघत होती, तर बहिणीचा नवरा म्हणाला, मोठ्यानं वाच, आम्ही पण ऐकतो. ती लाजली. म्हणाली, उद्या वाचायचाच आहे. मी तिला तेव्हाच वाचायला लावायला हवं होतं. निदान चार माणसांनी ऐकला असता.

तिला हा निबंध वाचायचा होता तो मिरवण्यासाठी नाही. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं तिची नेमणूक पिंपळनेरकडच्या एका गावात होती. तिथं पहिलीच्या वर्गात एक मुलगी होती, ती वर्षभर एक शब्द बोलली नाही. आधीच्या मास्तरांनी तिच्या बापाला सांगून टाकलं होतं की पोरगी मंद आहे, शेळ्यांमागे पाठवा. एक दिवस हातपंपावर सुनेनं तिला अहिराणीत विचारलं, काय गं, आज शेळ्या कुठं सोडल्या? तर ती मुलगी जी सुटली ती थांबेना. शेळी कशी व्याली, कोण कुठं पळालं, माय काय बोलली, सगळं सांगितलं. मुकी नव्हती आणि मंदही नव्हती. पुस्तकातली मराठी तिनं जन्मात ऐकली नव्हती, एवढंच. पण तोवर बापानं तिला शाळेतून काढायचं ठरवलं होतं. पुढच्या सोमवारी ती आली नाही.

सुनेनं तिचं बोलणं जसंच्या तसं उतरवून ठेवलं आणि त्यावर निबंध केला. तिचं मागणं फार मोठं नव्हतं. पहिलीच्या पुस्तकात सुरुवातीची काही पानं घरच्या बोलीत असावीत, आणि पहिले काही महिने मास्तरांना पोरांशी त्यांच्या बोलीत बोलायची मुभा असावी. अधिवेशनाला पुस्तकमंडळातले एक साहेब येणार होते. त्यांच्या कानावर हे पडावं, बस. त्यासाठी तिनं दिवाळीची सगळी सुट्टी घातली. भाकऱ्या मी थापल्या. फार आनंदानं थापल्या असंही नाही. मला वाटायचं, लिहून कुणाचं पोट भरलंय?

माझ्या मुलाला तर हे मुळीच पटलं नव्हतं. तो पाटबंधारे खात्यात कारकून. ऑफिसात लागल्यापासून घरातही शुद्ध बोलायला लागला. मास्तरणीनं मास्तरकी करावी, हे निबंधाचं खूळ कशाला, म्हणायचा. शेवटी मी सोबत जाते म्हटल्यावर कबूल झाला. पण बजावून सांगितलं: “एकदाच. एकदा वाच आणि मोकळी हो.”

तर त्या एकदाचं असं झालं.

वेळ सकाळी दहाची दिली होती. एक पुढारी उद्‌घाटनाला यायचे होते, ते बारा वाजता आले. तोवर आम्ही खुर्च्यांवर बसून. मग सत्कार. पुढाऱ्यांचा सत्कार. अध्यक्षांचा सत्कार. पुस्तकमंडळातल्या साहेबांचा. मंडप देणाऱ्याचा. जेवण देणाऱ्या दाळमिलवाल्या शेटजींचा. ज्यांनी सत्कार केले त्यांचा सत्कार राहिला म्हणून त्यांचाही. शाल घालायची, नारळ द्यायचा, फोटोवाल्याकडे तोंड करून थांबायचं, टाळ्या. एक शाल कमी पडली तर आधी दिलेली एकाच्या अंगावरून काढून दुसऱ्याला घातली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. मग भाषणं. मग एका मोठ्या प्रोफेसरांनी पहिला निबंध वाचला. बोली ही आपली आई आहे, असं त्यांनी इतक्या वेळा सांगितलं की माझी नात झोपली. त्यांना कुणी घड्याळ दाखवलं नाही. त्यांच्या मागून माझ्या सुनेचं नाव होतं.

लोक उठले आणि ती तशीच उभी राहिली, तेव्हा मला राहवलं नाही. मी नातीला खांद्यावर टाकलं, उभी राहिले आणि मोठ्यानं विचारलं, “कव्हय वाचा? मी तं सकायपासून आठेच बशेल शे.” कधी वाचला, मी सकाळपासून इथंच बसलेली आहे, एवढंच विचारलं.

सभागृहात हसू उठलं. माझ्या बोलण्यातल्या मुद्द्याला कुणी हसलं नाही. त्यांना माझ्या बोलीचं हसू आलं. तासाभरापूर्वी तीच बोली त्यांची आई होती.

माइकवर नावं पुकारणारे गृहस्थ म्हणाले, “आजींना भूक लागलेली दिसते. आजींना पहिल्या पंगतीला बसवा.”

पुन्हा हशा. छातीवर बिल्ला लावलेली एक बाई आली आणि मला हाताला धरून म्हणाली, चला आजी, तुमचं पान वाढलंय. मी हात सोडवला. म्हटलं, मला पान नको, तिला वाचू द्या. ती मला समजावायला लागली, जसं हट्टी पोराला समजावतात. वर अध्यक्ष शाल घडी करत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

तेवढ्यात सून माझ्यापर्यंत आली. हळूच म्हणाली, “आत्या, बसा. तुम्ही बोलू नका.” आमच्याकडे सुना सासूला आत्या म्हणतात. मग तिनं नातीला माझ्याकडून घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून पाजायला बसली. कागद मांडीखाली ठेवले होते. मी त्या क्षणी तिच्यावरही चिडले. म्हटलं, तू तरी बोल. तिनं नातीच्या अंगावर पदर ओढला. आज कळतं, तिला त्याच लोकांत पुढची वीस-पंचवीस वर्षं नोकरी करायची होती. मला काय, मी गोंधळ घालून घरी जाणार होते.

मी जेवले. खोटं कशाला सांगू, भूक लागलीच होती. भरीत फार चांगलं झालं होतं, हिरव्या मिरचीचं, वर कांद्याची पात, सोबत गरम पुऱ्या. ते चांगलं झालं होतं म्हणून मला आणखी राग आला. एवढं मन लावून त्या लोकांनी त्या दिवशी एकच काम केलं होतं.

हात धुवायच्या नळावर सुनेनं पुस्तकमंडळातल्या साहेबांना गाठलं. मी शेजारीच होते. ती म्हणाली, सर, माझा निबंध वाचायचा राहिला, पहिलीच्या पुस्तकाबद्दल आहे, तुम्ही हे कागद ठेवाल का? साहेबांनी भरिताचे हात वर धरले, हे बघा, हात खराब आहेत, असे. म्हणाले, “अधिवेशनाचं पुस्तक निघेल ना, त्यात येईलच. मी तिथं वाचीन.” आणि नारळाची पिशवी नोकराकडे देऊन निघून गेले. हात धुतल्यावर ते कागद घेता आले असते.

धुळ्याच्या गाडीत बसल्यावर मी तिला म्हटलं, मला वाचून दाखव. तिनं मान हलवली आणि खिडकीबाहेर पाहत बसली. मी त्या लोकांसमोर तिचं हसू करून घेतलं, हा तिचा राग होता, आणि तो बरोबर होता.

घरी मुलानं विचारलं, वाचला का? तिनं सरळ सांगितलं, नाही, वेळ संपला, अध्यक्षांनी वाचला असं समजू म्हणून सांगितलं. मला वाटलं, आता तो तरी चिडेल. बायकोचा अपमान झाला होता. तो चपला काढत म्हणाला, “अध्यक्षांनी समजलं ना? मग मीही समजतो. झालं तुझं एकदा.”

मी त्याला खूप बोलले. एकदा झालेलंच नाही, तर संपलं कसं, म्हटलं. तो म्हणाला, आई, तुला यातलं कळत नाही. चौथी शिकलेल्या बाईला गप्प करायला हे वाक्य पुरतं. पण मला कळत होतं. त्या सभेतल्या शाली पांघरलेल्या माणसांत आणि माझ्या पोरात मला फरक दिसेना. आठ दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. त्याला काही फरक पडला नाही, दोन वेळची भाकरी मिळत होती.

आता उरलं होतं ते पुस्तक. सून पोस्टमनकडे बघायची आणि मी तिच्याकडे. दुसरी थंडी संपत आली तेव्हा ते आलं. जाड, वर गुळगुळीत कागद. पहिली बरीच पानं सत्कारांच्या फोटोंची. पुढाऱ्यांचं भाषण पूर्ण. आणि मागच्या बाजूला सुनेचा निबंध, तिच्या नावासकट. तिनं उभ्या उभ्या वाचायला सुरुवात केली. मग खाली बसली.

त्या मुलीचं बोलणं तिनं अधिवेशनवाल्यांना आधीच असं लिहून दिलं होतं: “मनी बकरीनं पिल्लू मरी गय. माय म्हने, रडू नको, आखो एक शे.” पुस्तकात छापलं होतं: “माझ्या शेळीचे पिल्लू मरण पावले. आई म्हणाली, रडू नकोस, आणखी एक आहे.” पानभर असंच. संपादकांनी त्या मुलीचं एकूण एक वाक्य शुद्ध करून टाकलं होतं. आणि खाली सुनेचं वाक्य मात्र तसंच ठेवलं होतं, की हे बोलणे वर्गात चालत नाही, म्हणून ही मुलगी वर्षभर गप्प राहिली.

कुणीही वाचलं तर म्हणेल, ही मास्तरीण वेडी आहे. एवढी स्वच्छ मराठी बोलणारी मुलगी, हिला कुठली अडचण? साहेबांनी वाचलं असेल तर तेच म्हटलं असेल. वाचलंच नसेल, ते बरं.

मी म्हटलं, जळगावला जाऊ, त्या संपादकाच्या दारात उभ्या राहू. ती नको म्हणाली. तिनं लाल पेन घेतलं, पोरांच्या वह्या तपासते तसं, आणि प्रत्येक शुद्ध वाक्यावर रेघ मारून वर त्या मुलीचं वाक्य लिहिलं. समासात काही लिहिलं नाही, शिवीगाळ नाही. तिला दोन प्रती आल्या होत्या, दोन्ही तशा केल्या. एक अधिवेशनवाल्यांना पोस्टानं परत पाठवली. दुसरी कपाटात टाकली. उत्तर आलं नाही. पुढच्या अधिवेशनाचं निमंत्रण मात्र आलं, छापील, वर्गणीसकट. ते मी चुलीत घातलं.

त्यानंतर तिनं एक ओळ लिहिली नाही. वर्गात मात्र पहिलीच्या पोरांशी ती अहिराणीतच बोलायची. तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा ताकीद दिली, भाषेचे शिक्षक असून अशुद्ध बोलता म्हणून. तिनं ऐकून घेतलं आणि साहेब गेल्यावर पुन्हा तेच केलं. पण एका वर्गात किती पोरं मावतात? पुस्तक होतं तसंच राहिलं. ती शेळ्यांवाली मुलगी शाळेत परत गेली नाही.

नात्यातले लोक अजून मला म्हणतात, तुम्ही त्या सभेत उठून कसं बोललात, काय धीराच्या तुम्ही. मला त्याचा संताप येतो. एक वाक्य बोलले, त्याच्यावर लोक हसले आणि मला जेवायला नेलं, यात धीर कुठं आला?

अर्ध्या वाटेत उभी राहिली ती माझी सून. मी नुसती तिचं मूल धरून बसले होते.